नऊ नंबरला तीन पाणी

६ जानेवारी

मिरचीच्या वाहतूकवाल्यांनी दरवर्षीसारखी डायरी पाठवली. वर सोनेरी अक्षरात नाव, अमरसिंह इंगवले. माणूस दसऱ्याच्या आधी गेला, वाहतूकवाल्यांना अजून पत्ता नाही. परत पाठवणार होते. पण हे रोज रात्री दोन ओळी लिहायचे, तर म्हटलं आता मीच लिहिते. माझी शाळा चौथी. वाचणार कोण आहे?

लिहायचं काय, तर फुटबॉल. सासऱ्यांनी टीम काढली, ह्यांनी चालवली, आता माझ्या गळ्यात. पोरांना पगार, मास्तर, गाडी, डबे, सगळं इंगवल्यांचं. चटणीच्या कारखान्यात पन्नास बायका मी सांभाळते, तर अकरा पोरं काय जड, असं वाटलेलं. काल पहिला सामना झाला. तीन-शून्य हरलो.

आमच्यात नऊ नंबर घरच्याचाच. सासरे नऊ, मग हे नऊ, आता माझा राजवीर नऊ. आणि नऊ नंबर शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदान सोडत नाही. मास्तर कुणीही असो, त्याला काढत नाही. सासऱ्यांच्या वेळेपासनं असं आहे. ह्यांचं एकदा बोट मोडलं तरी आत होते.

काल राजवीर आत होता शेवटपर्यंत. बघून बरं वाटलं.

९ जानेवारी

इलाहीभाई मास्तर घरी आले. हे आणि ते एकत्र खेळलेले. मला ऑफसाइड समजावून सांगायला बसले. टेबलावर ब्याडगी मिरच्या एका बाजूला मांडल्या, लवंगी दुसऱ्या बाजूला. म्हणाले, "वैनी, ही लवंगी ह्या ब्याडगीच्या पुढं उभी ऱ्हायली, आन् बॉल मागनं आला, की पंच झेंडा करतो."

"का? उभं ऱ्हायलं तर कुणाचं काय गेलं?"

"तसा नियम हाय."

"मग तिनं मागं उभं ऱ्हावं की."

"तेच तर पोरांना सांगतोय वैनी, वीस वर्सं."

काही कळलं नाही. मिरच्या गोळा केल्या आणि दळायला टाकल्या.

सगळ्यांच्या जर्सी परटाकडे जातात. नऊ नंबरची घरातली बाई हातानं धुते. आधी सासूबाई धुवायच्या, मग मी. ह्यांची जर्सी म्हणजे माझी कंबर मोडायची. आमची जर्सी पिवळी, मैदानाची माती तांबडी. तीन पाणी घेतल्याशिवाय निघायचं नाही. राजवीरची एका पाण्यात निघते. पोरगं पहिल्यापासनं नीटनेटकं. खाण्यापिण्यात सांडणार नाही, अंगावर उडवणार नाही.

१५ जानेवारी

काल दुसरा सामना. दोन-शून्य. हरलो.

सामन्याच्या सकाळी राजवीरला उलटी झाली. काल काय बाहेर खाल्लं म्हणून विचारलं तर म्हणतो काही नाही. ताक दिलं. मागच्या सामन्याच्या सकाळी पण झालेली. पोट बिघडलंय. त्यात त्याचे बूट हरवले, म्हणजे निघायच्या टायमाला सापडेनात. तासभर शोधाशोध. शेवटी दुकान उघडायला लावून नवे घेतले. राजवीर म्हणाला, "आई, आज ऱ्हाऊ दे की मग." म्हटलं राहू दे काय, बुटाचं दुकान बंद पडलंय का?

स्टेडियमात लोक मला ओळखायला लागलेत. मागच्या पायऱ्यांवरनं दहा-बारा जण सारखे ओरडत होते, "मावशी, बाळाला जेवायला बोलवा की! बाळाला भूक लागली!" मी मागं वळून हात केला. लोकांना माया आहे. रात्री त्याला लवकर जेवायला वाढलं. अर्धी भाकरी खाल्ली आणि उठला.

२४ जानेवारी

परवा तिसरा पण गेला.

आणि दुसरे बूटही गेले! आता हा योगायोग नाही. हे कुणीतरी करतंय. पलीकडच्या पेठेतल्या टीमवाल्यांचं काम असेल. दाराबाहेर लिंबू-बिंबू टाकलंय का तेही बघितलं. काही नव्हतं. तिसरे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, "काकी, पोरगं लई घासतंय वाटतं." म्हटलं घासतंय म्हणजे काय, इंगवल्यांचं आहे.

राजवीर सरावाला गेला म्हणून मी खूश, आणि बघते तर हा कारखान्यात. कांडप मशीनचा पट्टा सारखा निसटत होता, तो बसवत होता. अंगभर मिरची. पट्टा बसवला तर बसवला, वर चिमणाबाईशी चर्चा. चिमणाबाई आमच्यात सगळ्यात जुनी, माझ्या लग्नाआधीपासनं आहे. तिला सांगत होता की संकेश्वरी थोडी वाढवून, खोबरं कमी भाजून एक घाणा काढू. तिनं काढला पण! आजऱ्याचे एक पावणं आलेले, त्यांनी चव घेतली आणि हीच द्या म्हणून बसले.

मी ओरडले. "सरावाचा टाइम काय, आन् तू करतोस काय? ही बायकांची कामं हाईत."

तो म्हणाला, "बाबा पण करायचे की."

"सामना जिंकून आल्यावर करायचे."

गेला. जाताना पट्ट्याकडे बघत गेला. पट्टा तेव्हापासनं एकदा पण निसटलेला नाही, हे मात्र खरं.

३१ जानेवारी

परवाचा सामना बरोबरीत. शून्य-शून्य. एक गुण मिळाला. मी पेढे आणले. कुणी जास्त खाल्ले नाहीत.

आज इलाहीभाई आले ते उभेच. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वैनी, पोराला जरा बसवूया."

"कुठं?"

"भाईर. बाकावर."

मला वाटलं चेष्टा करतायत. "नऊ नंबर बाकावर?"

"तौसीफला टाकून बघू. सगळा सीझन बसून हाय. भुकेलं हाय पोरगं."

"भुकेलं असलं तर डबा द्या त्याला."

"तशी भूक न्हाय वो वैनी." मग खाली बघून म्हणाले, "राजवीरच्या पायात काय कमी न्हाय. पण पाय हिथं आन् पोरगं दुसरीकडंच. मी त्याला चड्डीत असल्यापासनं बघतोय. त्याच्याच भल्याचं सांगतोय."

माझं डोकं फिरलं. चार महिने झाले माणूस जाऊन, आणि त्याच्या पोराच्या अंगावरची जर्सी काढायची? म्हटलं, कुणी शिकवून पाठवलंय तुम्हाला? पलीकडच्यांनी काय कबूल केलंय?

त्यांनी खिशातनं शिट्टी काढली, टेबलावर ठेवली. "ही अमरसिंहनं दिल्याली. आता तुमीच वाजवा."

चहा तसाच राहिला. एवढा राग यायला त्यांना काय झालं? खोटं असतं तर ते भांडले असते की.

७ फेब्रुवारी

मास्तर नाही म्हणून मीच मैदानावर जाते. शिट्टी वाजवली की सगळी पळतात. पुन्हा वाजवली की थांबतात. अवघड काय आहे ते मला कळलं नाही. कप्तान सयाजी, गोलात उभा असतो तो. त्याला विचारलं, "पुढं कोण पायजे?"

"काकी म्हणतील तसं."

"राजवीर बरोबर खेळतोय न्हवं?"

"काकी म्हणतील तसं."

"सयाजी, तुला तोंड हाय का न्हाय?"

"हाय की काकी. पगार पण हाय." सगळी हसली. राजवीर पण हसला. मी पण हसले. घरी येईपर्यंत कळेना की मी का हसले.

काल पाचवा सामना. चार-शून्य. लोक "बाळाला बोलवा" ओरडत होते. आज पहिल्यांदा वाटलं, एवढी माया असलेली माणसं हसतायत कशाला?

१२ फेब्रुवारी

बूट सापडले! दोन्ही जोड. कुठं, तर गोदामात, संकेश्वरी मिरचीच्या पोत्यात, पार तळाला. चिमणाबाई पोतं ओतत होती, तर धपकन पडले. शिंकत शिंकत घेऊन आली.

मी म्हटलं, "पलीकडच्या पेठेतला माणूस गोदामात आलाच कसा?"

चिमणाबाई म्हणाली, "चोराला कुठलं पोतं शेवटी फुटतं ते म्हाईत हाय बाई. एवढंच सांगते." आणि तोंडाला पदर लावला. शिंकत होती का हसत होती, काय माहीत.

मग माझ्या डोक्यात आलं. राजवीरला बूट नसतील तर कुणाचा फायदा? तौसीफचा. बाकावर बसून बसून कंटाळलाय. आणि तो दुधाचा टेम्पो चालवतो, वारणेच्या खेपेहून परत येताना आमच्याकडं पाणी प्यायला थांबतो. गोदाम बघितलेलं आहे.

संध्याकाळी मैदानावर सगळ्यांपुढं बूट टाकले. "तौसीफ, हे काय?"

"बूट, काकी."

"पोत्यात कुणी घातले?"

त्यानं मग राजवीरकडं बघितलं. राजवीर पांढराफटक. म्हणाला, "आई, त्यानं न्हाय घेतले."

"मग कुणी?"

तो खाली बघून बुटाच्या नाडीला लागलेली मिरचीची बी काढत बसला.

माझं पोरगं मोठ्या मनाचं आहे. चोरी करणाऱ्याला पण पाठीशी घालतंय. तौसीफनं पिशवी उचलली, "काकी, सलाम," म्हणाला आणि गेला. भांडला नाही. हा पण भांडला नाही! आजकाल खरं-खोटं काही असलं तरी लोक जातात नुसते.

रात्री राजवीर जेवला नाही.

१४ फेब्रुवारी

काल सहावा सामना. तीन-एक. आमचा एक गोल झाला तो पण त्यांच्याच पोराच्या पायाला लागून.

सयाजीनं समजावलं. आमचा एक गुण. आणखी एका टीमचा पण एकच, त्यांचे सामने संपले. वीस तारखेला आमचा शेवटचा. बरोबरी केली तरी आपण वर राहतो. हरलो तर गोल जास्त खाल्लेत म्हणून खालच्या गटात. सासऱ्यांनी टीम काढल्यापासनं खालच्या गटात गेलेली नाही. माझ्या हातनं जाणार. गल्लीत तोंड कसं दाखवू?

राजवीरला म्हटलं, आता तुझ्यावर आहे. तो "व्हय" म्हणाला. ह्यांच्यासारखंच म्हणतो. पण हे "व्हय" म्हणून हसायचे.

१७ फेब्रुवारी

परटाच्या घरात लग्न. त्यामुळं सगळ्या जर्सी आमच्याकडेच आल्या. मी आणि चिमणाबाई दगडावर बसलो. एकेक जर्सी म्हणजे चिखलाचा गोळा. सयाजीची तर उभी राहील अशी. दोन पाणी, तीन पाणी. बादली तांबडी.

मग चिमणाबाईनं नऊ नंबर उचलली. उलटीपालटी केली. "ही कशाला टाकलीय बाई? घातल्याली दिसत न्हाय."

"घातलीय की. पुरा सामना."

तिनं माझ्याकडं बघितलं. जर्सी माझ्या मांडीवर ठेवली आणि दुसरी घासायला घेतली.

मी ती जर्सी हातात धरून बसले. कोपर बघितलं. पोटाजवळ बघितलं. पाठ बघितली. कुठं काही नाही. नुसता काखेत घाम. ह्यांची जर्सी आठवली. पडायचे, घसरायचे, एकदा तर गवताचा हिरवा डाग गेलाच नाही, त्याच जर्सीत फोटो काढला. राजवीर एवढा वेळ आत असतो तर करतो काय?

आणि हे मला गेला दीड महिना कुणी का सांगितलं नाही? सांगितलं. एकानं. त्याची शिट्टी माझ्या कमरेला आहे.

नळ चालू राहिला. चिमणाबाईनं बंद केला.

१८ फेब्रुवारी

इलाहीभाईंच्या दारात गेले. म्हटलं, "चुकलं माझं. या परत."

"बसा तर खरं."

"बसत न्हाय. तुमी बसला न्हवता."

ते हसले. मग म्हणाले, "येतो. पण एक हाय वैनी. नऊ नंबर मी काढनार न्हाय. ते मास्तराचं काम न्हाय तुमच्यात. घरच्यानं काढायचं."

"सासरे वर बसून बघतायत."

"बघू देत की. त्यांनी पण कवातरी बघितलंच असंल."

काय बघितलं असेल ते सांगितलं नाही. सगळे अर्धं बोलतात.

तिथनं तौसीफच्या घरी. त्याची आई शहाजादी दारातच उभी. "आता आनि काय हरावलं तुमचं?"

म्हटलं, "बूट तुझ्या पोरानं घेतले का न्हाय, मला अजून म्हाईत न्हाय. पण सगळ्यांपुढं बोलले ते चुकलं. आन् त्याला बाकावर बसवून ठेवला तेबी चुकलं. वीस तारखेला पाठव."

"ही माफी हाय व्हय?"

"मला एवढीच येती."

ती मग आत तोंड करून ओरडली, "तौसीफ, ऊठ, काकी चहा पितायत." पिणार का म्हणून विचारलं पण नाही. प्यायले.

तौसीफ समोर बसला. मी म्हटलं, "खरं सांग, कुणी ठेवले?"

"काकी, तुमी राजवीरला इचारा."

"त्याला काय म्हाईत?"

त्यानं आणि शहाजादीनं एकमेकाकडं बघितलं. मला हे असलं बघणं आवडत नाही.

२० फेब्रुवारी, सकाळ

राजवीरला उलटी झाली. ताक नको म्हणाला. मी सांगणार होते की आज तुला कदाचित काढीन. सांगितलं नाही. बापाची जर्सी त्याच्या अंगावर घातली, म्हणजे त्यानंच घातली, मी मागनं नीट केली. म्हटलं काही लागलं तर सांग. "काय लागायचंय," म्हणाला.

मी सांगितलं तर मोडून पडेल. नाही सांगितलं तर टीम जाईल. ह्यांनी काय केलं असतं? ह्यांच्या जुन्या डायऱ्या काढल्या. सगळीकडं एकच. "जिंकलो. ऊन होतं." "हरलो. पाय दुखतो." ह्या माणसाबरोबर सत्तावीस वर्षं काढली.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ



अर्ध्या वेळेला एक-शून्य मागं. मी बाकाजवळ उभी. इलाहीभाई शेजारी. तौसीफ सतरा नंबर घालून जागच्या जागी उड्या मारतोय. मागं पायऱ्यांवर "बाळाला बोलवा" सुरू. आज मला सगळं ऐकू येत होतं. तीस-चाळीस जण असतील. आता दोनशे वाटायला लागले.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि राजवीरकडं बॉल आला. त्यानं लगेच दुसऱ्याला दिला. पुन्हा आला. पुन्हा दिला, जसा काय तापलेला तवा. मी त्याच्या जर्सीकडं बघितलं. पिवळीधमक.

म्हटलं, "इलाहीभाई, काढा."

"मी न्हाय."

नंबर लावायला पाटी घेऊन एक पंच उभा असतो कडेला. त्याच्याकडं गेले. "नऊ काढा. सतरा घाला." तो म्हणाला, "नऊ? बाई, नीट सांगा." "नीटच सांगतेय. मी त्याची आई हाय."

पाटी वर गेली. लाल नऊ.

सगळं स्टेडियम गप झालं. खरंच गप. लहानपणी गावात हत्ती आलेला तेव्हा असं गप झालेलं. "बाळाला बोलवा" म्हणणारे पण. मी बोलावलं होतं, आणि आता कुणी काही बोलेना.

राजवीरनं पाटी बघितली. मग मला बघितलं. मी मनात म्हणत होते, आता हा रडणार, आता हा जर्सी काढून टाकणार, माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

तो हसला.

तोंडभर. ह्यांच्यासारखा, "व्हय" म्हणल्यावरचा. आणि पळत सुटला. सगळ्या सीझनमध्ये असा पळाला नव्हता. मैदानाच्या त्या टोकापासनं आमच्यापर्यंत. तौसीफला मिठी मारली, कानात काहीतरी सांगितलं. तौसीफ पण हसला. हा माझ्याजवळ येऊन बाकावर बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "आई, भूक लागली."

मला काहीच कळेना. अपमान झाल्यावर माणूस हसतो का? डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं. डोकं बघितलं, गार होतं.

शेवटची सात मिनिटं राहिलेली. तौसीफ चिखलात पडला, उठला, पुन्हा पडला, आणि पडल्या पडल्याच बॉल आत ढकलला. एक-एक. सयाजी गोलातनं पळत मधे आला, पंचानं त्याला परत घालवला. मग शिट्टी. राहिलो वर!

पोरांनी मला गुलाल लावला. राजवीरनं पण. डोळ्यात गेला, म्हणून पाणी आलं.

घरी राजवीरनं साडेचार भाकऱ्या खाल्ल्या.

२१ फेब्रुवारी

सकाळी उलटी नाही.

तिसरे बूट राजवीरनं तौसीफला दिले. तौसीफ म्हणाला, एक नंबर मोठे होतात, पुढं कापूस घालीन. आणि जाता जाता राजवीर मला म्हणाला, "आई, ते पोत्यातले बूट मीच ठेवलते."

"का?"

"सापडू नयेत म्हणून."

हे काय उत्तर झालं? बूट घालायचे नसतील तर सांगायचं की! मी काय खाणार होते? म्हटलं, तौसीफची माफी माग आधी. म्हणाला, मैदानावरच मागितली, कानात. मग मीच राहिले. दुपारी शहाजादीकडं जाऊन मागून आले. ह्या वेळी पूर्ण मागितली. ती म्हणाली, "आता जमली."

पुढच्या वर्षी नऊ नंबर कुणाला, ते इलाहीभाईंनी विचारलं. तुम्हीच बघा म्हटलं. शिट्टी त्यांना परत दिली. सासऱ्यांच्या फोटोकडं बघायचं धाडस अजून झालेलं नाही. उद्या बघीन.

नऊ नंबरची जर्सी एका पाण्यात धुतली, घडी घालून ह्यांच्या कपाटात ठेवली. सतरा नंबर मात्र परटाकडं पाठवली नाही. तीन पाणी घेतली.

२६ फेब्रुवारी

राजवीर सहा दिवस झाले कारखान्यातच आहे. कुणी सांगितलं नाही. पहाटे चिमणाबाईच्या आधी हजर. संकेश्वरीचा नवा घाणा काढला, आजऱ्याला चाळीस किलो गेली. मशीनपाशी शीळ वाजवत असतो. ह्याला एवढा आनंद कशाचा झालाय, चिमणाबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमी धुणं धुता न्हवं बाई?" आणि शिंकली.

धुण्याचा आणि ह्याचा काय संबंध?

आज त्याचा पांढरा शर्ट घेतला धुवायला. पाठीपासनं कॉलरपर्यंत मिरचीनं लालभडक. एक पाणी घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. माझी कंबर धरली. चौथं घेतलं, तरी कॉलरचा लाल जाईना.

असू दे म्हटलं. तसाच वाळत घातला.